पाटावरची बॅटरी

खंडेनवमी, शनिवार, दुपारी तीन. जागा: सिडनीत, केलीव्हिलमधल्या आमच्या घराचं गॅरेज. हजर: मी, नवरा, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेले सासरे, आणि टूनगॅबीचा मित्र. बोट अर्धी आमची, अर्धी त्याची. गैरहजर: मुलगी, युनिव्हर्सिटीत.

बोट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची लहान होडी, इथे तिला टिनी म्हणतात. मे महिन्यात ती ट्रेलरवर चढवून, ताडपत्री घालून घराच्या बाजूला लावली की ऑक्टोबरपर्यंत कोणी तिच्याकडे बघत नाही. लावताना काय काय करायचं याची यादी मी केलेली आहे. पेट्रोल काढणे, दोर धुणे, बॅटरीच्या तारा सोडवून बॅटरी घरात आणणे. मे महिन्यात मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून विचारलं, "तारा सोडल्यास का?" नवरा म्हणाला, "हो गं, झालं." मी यादीतल्या चौकटीत खूण केली. उठून बघायला गेले नाही.

त्याने मोटरच्या तारा सोडल्या होत्या. तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची तार तशीच राहिली. हिवाळाभर पाऊस पडला, ताडपत्रीतून पाणी झिरपलं, पंप आपलं काम करत राहिला. त्या शनिवारी सकाळी मीटर लावला तर बारा व्होल्टच्या बॅटरीत जेमतेम तीन होते.

आमच्या नव्या चार्जरने ती घेतलीच नाही. लाल दिवा लावून गप्प बसला. मित्र म्हणाला, "वहिनी, हे हुशार चार्जर फार नखरे करतात. माझ्याकडे जुना आहे, तो काही विचारत नाही, नुसता ढकलतो." त्याने गाडीच्या डिकीतून लोखंडी डब्यासारखा चार्जर काढला आणि अकराला लावून दिला. दोघंही इंजिनियर. मी प्रश्न विचारला नाही.

सासऱ्यांना पूजा बोटीची करायची होती. पण बोटीवर पाटाइतकी सपाट जागा नाही. मग ते म्हणाले, "बोटीचा जीव तर हाच ना? यालाच बसवा." म्हणून बॅटरी गॅरेजच्या मधोमध पाटावर आली, भोवती मी रांगोळीच्या चार रेघा ओढल्या, झेंडू वाहिले. चार्जरचे चिमटे तसेच लावलेले, चार्जर चालूच. तोवर वसंतातला इथला वारा सुटला होता. उदबत्ती दोनदा विझली. सासरे म्हणाले, "दार लावून घे, निरांजन टिकणार नाही." दोन वाजता रिमोटचं बटण दाबून गॅरेजचं मोठं दार मीच खाली घेतलं. बाजूचंही लावलं. सासरे सोवळं नेसायला आत गेले.

तीनला थोडं बाकी असताना मी यादी घेऊन गॅरेजमध्ये आले तेव्हा वास आला. नवरा आणि मित्र खाली बसून गळाचा गुंता सोडवत होते.

"अंडी उकडलीस का? आज?" नवरा म्हणाला.

"मी कशाला उकडू?"

"मग याच्या आमिषाचा डबा असेल. मे महिन्यापासून उघडला नसेल याने."

"माझा डबा स्वच्छ आहे, मेट. तुझे बूट हुंगून बघ."

दोघं हसले. मी पाटाकडे गेले. बॅटरीचा एक बाजूचा पत्रा, म्हणजे प्लास्टिकच ते, सकाळी सपाट होतं. आता ते पोटासारखं पुढे आलं होतं. हात जवळ नेला तर चार बोटांवरूनही धग लागत होती. आतून बारीक उकळल्यासारखा आवाज येत होता, चहाचं आधण ठेवल्यावर येतो तसा. वरचे झेंडू कोमेजले होते. आणि मग मला आठवलं की बॅटरी अशी तापली की तिच्यातून जो वायू निघतो तो पेटतो, आणि ज्या वायूचा वास येत नाही तो जास्त पेटतो. दार लावून तास झाला होता.

त्याच वेळी घरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार सासऱ्यांनी कोपराने ढकललं. हातात तबक, तबकात निरांजन, लावलेलं. देवासमोर लावूनच आणलं होतं त्यांनी.

"बाबा, तिथेच थांबा."

त्यांना कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं मी चपलांबद्दल बोलते आहे. "अनवाणीच आहे," म्हणाले आणि एक पायरी उतरले. दार उघडल्यामुळे ज्योत आत, आमच्याकडे वाकली. मी धावले, त्यांच्या छातीला हात लावून त्यांना मागे ढकललं, तबकासकट पॅसेजमध्ये नेलं आणि पाठीने दार लावलं. कुंकू सगळं त्यांच्या सोवळ्यावर.

ज्योत अजून जळत होती. मी निरांजन त्यांच्या हातातून घेऊन देवघरात ठेवलं, तोवर गॅरेजमधून नवऱ्याचा आवाज आला, "काय झालं? थांब, दार उघडतो." रिमोट त्याच्या खिशात. दाराची मोटर सुरू होताना ठिणगी पडते.

"रिमोटला हात लावू नकोस," मी बंद दाराआडूनच म्हणाले. "दिव्याचं बटणही नाही, चिमटे काढू नका. बाजूचं दार हाताने उघडा आणि दोघंही बाहेर पडा."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. दोघांपैकी कोणी का ते विचारलं नाही. मी पुढच्या दाराने बाहेर जाऊन मीटरबॉक्समधून घराचा मेन स्विच पाडला. मग आम्ही तिघं ड्राइव्हवेवर तासभर उभे राहिलो. शेजारीण कुत्रा घेऊन गेली, हात हलवला, आम्हीही हलवला. मित्र एकदाच बोलला. "वहिनी, मी लावला तो."

"दार मी लावलं," मी म्हणाले.

सासरे खिडकीतून बघत होते.

रात्री ते जेवले नाहीत. नवरा मला म्हणाला, "आत्ता काही सांगू नकोस, घाबरतील. बीपी आहे त्यांना." त्याने त्यांना सांगितलं की वास सुटला होता म्हणून पूजा थांबवली. त्यांनी ते ऐकून घेतलं. पुढचे बारा दिवस माझ्याशी व्यवस्थित बोलले, चहा आवडला म्हणाले, पण सूनबाई म्हणाले नाहीत. बॅटरी थंड झाल्यावर मी आणि मित्राने जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या कौन्सिलच्या केंद्रावर पोचवली. यादीत आता नवी ओळ आहे: तारा स्वतः डोळ्यांनी बघणे.

गेल्या गुरुवारी त्यांना विमानतळावर सोडलं. चेक-इनच्या रांगेत ते नवऱ्याला म्हणाले, "इथे राहिलं ते राहिलं. घरी लक्ष्मीपूजनाला करेन. इन्व्हर्टरची बॅटरी आहे ना जिन्याखालच्या कपाटात, तिच्यापुढे दर वर्षी निरांजन लावतो. दार ओढून घेतलं की रात्रभर टिकतं."

नवरा म्हणाला, "मी फोन करून सांगतो." शुक्रवारी विचारलं, सोमवारी विचारलं. दोन्ही वेळा त्याची मीटिंग होती. त्यांना सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, मे महिन्यातली खूण, दोन वाजता लावलेलं दार, आणि छातीला लावलेला हात कशासाठी ते. ते मलाच सांगावं लागेल.

लक्ष्मीपूजन या रविवारी. पुण्यात फोन करणे: यादीत पहिलं आहे, पुढची चौकट रिकामी आहे.