वणीचा कोळसा, काम फाच्या शेवया

माझ्या बायकोला, सुनंदाला, व्हिएतनाममधल्या हा लाँगच्या समुद्राचं चित्र फार आवडायचं. दवाखान्यात, नाकाला ऑक्सिजनची नळी असतानाही ती म्हणाली होती, "बरं वाटलं की जाऊ." बरं वाटलं नाही. तिचं वर्षश्राद्ध झालं आणि मुलीनं, पल्लवीनं, दोन तिकिटं काढली. मी नको म्हणत होतो. परत आल्या आल्या जनसुनावणी होती, आमच्या वस्तीमागचा कोळसा डेपो वाढवायचा म्हणून.

"तुम्ही तिथं कुठं बोलून राह्यले बाबा," पल्लवी म्हणाली. "मागं बसता न् घरी येता."

खरंच होतं ते.

वणीहून नागपूर, पुढे कोलकात्यावरून हनोई. व्हिसा ऑनलाइन मिळतो. वणीतून निघताना मात्र गाडीच्या काचा बंद ठेवा. कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री असते, पण नावापुरती.

हनोईत आम्ही दोन दिवस राहिलो. शाकाहारी असाल तर "माशाचा सॉस नको" हे वाक्य त्यांच्या भाषेत मोबाईलवर ठेवा, तो बहुतेक सगळ्यात असतो. भात, टोफू आणि लसणाची पालेभाजी पोटभर मिळते. शहराची हवा धुरकटच आहे. स्वर्ग समजून जाऊ नका.

तिसऱ्या दिवशी बसने हा लाँग. बोटीतून समुद्रात उभे असलेले ते डोंगर पाहिले. चित्रात आहेत तसेच आहेत.

जवळच काम फा नावाचं कोळशाचं गाव आहे. मी आमच्या गाईडला, लानला, तिथं न्यायला सांगितलं. ती हसली. "कोळसा बघायला कोणी येत नाही!"

"आमचे बाबा येतात," पल्लवी म्हणाली. "घरी कमी पडते ना."

डोंगर आमच्याकडच्यासारखेच पोखरलेले. पण एका घराच्या अंगणात बांबूच्या ताट्यांवर तांदळाच्या शेवया वाळत होत्या. उघड्यावर. घरातल्या बाईंना विचारून मी ताटीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ.

सुनंदा दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायची. शेवटच्या वर्षी तिनं वरून पांढरं धोतर पांघरलं. संध्याकाळपर्यंत धोतर काळं, खालच्या कुरडयाही करड्या. सगळ्या फेकल्या. त्यानंतर आमच्या घरात कुरडई झाली नाही. धोतर तिनं तसंच घडी करून ठेवलं, धुतलं नाही.

लान म्हणाली, पूर्वी इथंही सगळं काळं होतं. मग कोळशाच्या ट्रकांना गावाबाहेरून वेगळा रस्ता केला, कोळसा वाहून न्यायला सरकते पट्टे बसवले. धूळ अजून आहे, पण इतकी नाही. "लोकांनी तक्रार केली होती का?" मी विचारलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि जेवणाचा विषय काढला.

परतीच्या बसमध्ये माझं डोकं तापलं होतं. सुनंदा गेली तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, नशीब. एक साहेब म्हणाले, "विकसनशील देश आहे, थोडं सोसावं लागतं." अहो, व्हिएतनामही विकसनशीलच आहे! त्यांनी तर युद्धही सोसलं. मग शेवया त्यांच्याच कशा पांढऱ्या? एक वेगळा रस्ता, एक नीट बांधलेली ताडपत्री, एवढ्याला कोणती श्रीमंती लागते? आणि आम्हाला तर बोलताना इकडेतिकडे पाहावं लागत नाही. तरी मी इतकी वर्षं मागच्या खुर्चीवर.

सुनावणीला पल्लवी आणि शेजारचे रहीमभाई मेकॅनिक सोबत होते. माझ्या हातातली पिशवी पाहून म्हणाले, "भाऊ, डबा आणला का? लवकर सुटनार नाही वाटते."

माझं नाव पुकारलं तेव्हा पल्लवीनं वळून पाहिलं. नाव मीच दिलं होतं, तिला न सांगता. मी पुढे गेलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. पिशवीतून धोतर काढलं आणि टेबलावर उलगडलं.

"हे एका दिवसाचं आहे," मी म्हणालो. "माझी बायको इथं तीस वर्षं श्वास घेत होती."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि धोतरापासून लांब ठेवला.