पाठ करून काढलेल्या रेघा

वाबळे सरांचा आणि माझा परिचय संशयानेच सुरू झाला. षष्ट्यब्दीच्या अंकात हे लिहिणे शोभत नसेल, पण खोटे लिहिणे त्याहून शोभणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात ते शेवगावजवळच्या आमच्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून आले. मी पर्यवेक्षक. वर्षअखेरीस त्यांना कायम करावे की घरी पाठवावे, याचा अहवाल मी द्यायचा होता.

सर फळ्यावर मोर सुरेख काढत. तो त्यांनी कुठून तरी गिरवला असणार, असे मी ठरवून टाकले. कारण त्यांच्या वहीत टाकाने ओढलेले नुसते काळे फराटे असत. ना झाड, ना माणूस. हे काय, असे विचारले की "अजून मलाही कळलेलं नाही," म्हणून हसत. गृहस्थ आपल्याला बनवताहेत, अशी माझी खात्रीच झाली.

शाळा सुटली की ते वही घेऊन खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर जात. एकदा मीही मागोमाग गेलो. 'कायम करू नये' असा अर्धा अहवाल खिशात होता. बाभळीआडून पाहतो तर सर खडी फोडणाऱ्यांकडे पाठ करून बसलेले, समोर ओसाड माळ, आणि रेघा मात्र भराभर चाललेल्या. म्हणे चित्रकार, आणि बघायचेसुद्धा नाही.

ते गेल्यावर मी तिथल्या एका बाईंना खोदून विचारले.

"आमी आधी म्हन्लं, मास्तर घाव मोजत्यात. म्हनून लई जोरात हानायचो. त्यांच्या ध्यानात आलं, तवापासनं पाठ करून बसत्यात. आता नुसतं ऐकत्यात."

दुसऱ्या दिवशी मी वही मागितली. जाड रेघ म्हणजे घाव, कोरी जागा म्हणजे बाई पाणी प्यायला थांबल्या, असे सरांनी बोट ठेवून दाखवले. त्यांचा डावा तळहात मात्र पानाच्या कोपऱ्यावरून हलेना. मी 'कायम करावे' असे लिहिले, पण तो तळहात माझ्या मनातून कधीच गेला नाही.

परवा या अंकासाठी चित्र मागायला गेलो, तेव्हा सरांनी तेच पान समोर ठेवले. कोपऱ्यात सारख्या अंतरावर सात-आठ बुटक्या रेघा होत्या, पुढे एकदम कोरे.

"या कशाच्या?"

"तुमच्या करकरणाऱ्या वहाणांच्या. बाभळीपर्यंत आल्या आणि थांबल्या."

नोकरी माझ्या हातात असतानाही त्यांनी मला ओशाळू दिले नाही, आणि नंतर इतकी वर्षे शेजारी बसून चहा पितानाही नाही. मला फार लाज वाटली, आणि तितकेच भरून आले.

सर, आपण शंभरी गाठावी, प्रकृती ठणठणीत राहावी आणि कान असेच तिखट राहावेत. यापुढे मी समोरून येत जाईन.