जुन्या मापाची झालर

श्रीकुलस्वामिनीच्या चरणी मस्तक ठेवून, उद्या चैत्रगौर बसणार या निमित्ताने, वैराग गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या पोटापाठी सोलापुरास आलेल्या माझ्या माणसांसाठी हे लिहीत आहे.

यजमानांना सोलापुरात शाळामास्तरकी मिळाली. निघण्याच्या दिवशी सर्व्हिस मोटार दाराशी उभी असताना सासूबाईंनी माझ्या हातावर दही घातले. म्हणाल्या, "जातेस ती जा. पण गौरीला देव्हाऱ्याची झालर तुझ्याच हातची हवी. थोरल्या सुनेचा मान आहे तो." धाकटी जाऊ मथुरा उंबऱ्यात उभी होती. तिला कोठेच जायचे नव्हते. एवढ्यावरूनच मला तिचा हेवा वाटला, आणि तो पुढे वाढतच गेला.

भवानी पेठेतील बिऱ्हाडी गिरणीच्या भोंग्याने उठावे, नळाला हंडा लावावा. दुपारी, वडिलांनी शिकवलेली संस्कृत स्तोत्रे पुटपुटत मी क्रोशाची सुई हाती घेई. शेजारच्या विणकर घरातली लक्ष्मक्का म्हणे, "बाई, आमच्या मागावर पन एवढं नाजूक निघत न्हाय!" इथले सूत बारीक, शुभ्र. मथुरेच्या हाताला असले सूत पेलणार नाही, हे मी मनाशी घोळवीत असे. झालरीत कमळे विणली, खाली कळ्या सोडल्या. "माप पत्राने विचार," असे यजमान म्हणाले. मी विचारले नाही. जो देव्हारा मी वर्षानुवर्षे पुसला, त्याचे माप जावेला विचारायचे? माझ्या वितीला ते पाठ होते.

गौरीला वैरागला गेले. हळदीकुंकवाच्या बायका जमल्या असता मी झालर उलगडली. ती कडेपर्यंत पोचेना. देव्हाराच नवा होता, रुंद, सागवानी. मला कुणी कळवले नव्हते.

"अगंबाई, जाऊबाई, हे जुन्या देव्हाऱ्याचं माप की!" मथुरा म्हणाली.

"म्हंजे देवी औंदा उघडीच बसणार व्हय?" जमलेल्यांतल्या एकीने चिमटा काढला.

"उघडी कशानं? मी एक विणून ठेवलीय. जाडीभरडी आहे, पण पुरेल."

सासूबाई म्हणाल्या, "बांध गं मथुरे. दिवा लावायची वेळ झाली."

थोरल्या सुनेचा मान माझ्या डोळ्यांदेखत दोन गाठींत बांधला गेला. मी माझी झालर घडी करून पेटीत ठेवली.

परतताना मथुरेने माळ्यावरून जुना देव्हारा काढवला. "घेऊन जा की, जाऊबाई. झालर लई देखणी आहे, पेटीत कशाला पडावी?" त्या बोलण्यात मी खोच शोधली. सापडली नाही, त्यामुळे हेवा दुणावला.

आज तो देव्हारा आमच्या बिऱ्हाडी आहे. झालर त्यास तंतोतंत बसते. लक्ष्मक्का येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. पण कुलस्वामिनीचा चांदीचा टाक जेथे असे, तेथे लाकडावर त्याच्या आकाराचा फिकट डाग उरला आहे. देव्हारा माझ्याकडे आला, देवी मथुरेकडे राहिली. वैरागचे घर म्हणून माझ्या वाट्याला तेवढी जागा आहे. ती मी रोज पुसते, तिच्यावर काही ठेवीत नाही.

मथुरे, उद्याही तुझीच झालर लागेल. हेवा सरला नाही. तरी वैरागच्या दिशेला हात जोडते.

वाचणाऱ्यांच्या घरी कुलस्वामिनी दिवा तेवता ठेवो, आणि लेकीसुना कोठेही नांदोत, त्यांच्या हातच्या कामाला देवापुढे जागा देवो.