मालूताईंची मराठी

"मावशी, आई गेली," एवढंच मालूताईंची नेहा फोनवर म्हणाली. भोपाळच्या कोलार रोडवरून इंद्रपुरीला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत मला ते खरं वाटत नव्हतं. आता महिना उलटून गेलाय, तरी...

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमच्या क्वार्टरांची भिंत एकच होती. मालूताईंचे वडील सरकारी नोकरीपायी नागपूरहून आलेले, त्या मात्र भोपाळच्याच. हिवाळ्यात दुपारी अंगणात मटार सोलताना त्या शेजारपाजारच्या गमती सांगायच्या. "सडकेवर इतकी भीड, की माझी तर अकलच गुम झाली!" आम्ही पोट धरून हसायचो. यजमान गेल्यावर त्या अगदी गप्प झाल्या, तेव्हा नेहानं त्यांच्यासमोर मोबाइल ठेवला. "आई, इथे सांग." आणि त्या इंटरनेटवर गोष्टी सांगू लागल्या, त्याच आमच्या हिंदी मिसळलेल्या मराठीत. गावोगाव पांगलेली टाउनशिपची माणसं खूश झाली.

मग एक व्हिडिओ फार दूरवर गेला. 'ही कसली भेसळ?' 'आधी मराठी शिका, मग तोंड उघडा.' 'अशांमुळेच भाषा मरते.' चष्मा लावून त्या एकेक शेरा वाचायच्या.

"मालूताई, वाचूच नका ना," मी म्हटलं.

"अगं, पण हे तर मला आईनं शिकवलं. मग ही माणसं आईचीच गल्ती काढताहेत का?"



पुढे त्या शब्द सुधारू लागल्या. 'भीड'ची 'गर्दी' झाली, 'सडके'चा 'रस्ता' झाला. गोष्ट मध्येच अडखळायची. हसूही येईना. त्यावर कुणीतरी लिहिलं, 'किती कृत्रिम बोलतात!' नेहा भांडायला गेली, तर लोक तिच्यावरच तुटून पडले. शेवटी मालूताईंनी व्हिडिओ करणं बंदच केलं. पण त्यानंतर माझ्याशी बोलतानासुद्धा त्या शब्द चाचपायच्या. माझ्याशी! त्या शेऱ्यांनी त्यांचा जीव घेतला, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं.

तेराव्याच्या दुपारी नवा शेरा आला, 'काय आजी, मराठी सुधारली का?' नेहानं उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. "लिहून काय होणार, मावशी?"

एक व्हिडिओ मी अजून लावते. त्यात मध्येच कुकरची शिट्टी होते. "रुका हं, गॅस बंद करून येते," म्हणून मालूताई उठतात. पडद्यावर नुसती खुर्ची उरते. आतून भांड्यांचा आवाज येत राहतो... तेवढा भाग पुढे ढकलता येतो, हे मला माहीत आहे. मी ढकलत नाही. बसून राहते.