मागच्या दाराने परत

म्हातारीचा हात सढळ होता आणि तोंड फटकळ, आणि दोन्ही एकाच वेळी चालायची. दारात कुणी बाई आली, इकडचं तिकडचं बोलून घुटमळू लागली, की म्हातारी ओळखायची. आत जायची, सूपभर गहू आणायची आणि तिच्या पदरात ओतता ओतता तिलाच झापायची.

"ने गं, उभी काय राहिलीस खांबासारखी? माझ्या घरात ठेवायला जागा नाही. उंदीर माजलेत नुसते."

घेणारी हसत घरी जायची. आपण काही मागितलं असं तिला वाटायचंच नाही. उलट म्हातारीची अडचण आपणच दूर केली, अशा ताठ मानेने ती रस्ता ओलांडायची. सारं गाव तिला 'ने-गं आजी' म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि म्हातारीला ते मनातून आवडायचं.

सून नवी नवी घरात आली तेव्हा तिला हे काही उमजेना. चार गायींचं दूध निघायचं, आणि घरात चहा कोरा. एकदा तिने नवऱ्याला हळूच विचारलं, "आपण श्रीमंत आहोत का हो?"

"नाही गं," नवरा म्हणाला, "पण आईला ते अजून कुणी सांगितलेलं नाही."

दिलेलं काही आभाळातून पडत नव्हतं. ऐन तारुण्यात म्हातारीचा नवरा गेला तेव्हा पदरात एक लहान मुलगा, गोठ्यात दोन गायी आणि धान्यापेक्षा दगडच जास्त पिकवणारं एक शेत, एवढंच मागे उरलं होतं. ते दगड तिने स्वतः वेचले. वेचून वेचून शेताच्या कडेला कंबरेएवढी भिंत उभी राहिली. धारा काढून तिचे अंगठे बाहेरच्या बाजूला वाकले ते कायमचेच. पाठ टेकून बसलेली ती सुनेला कधी दिसली नाही. जेवायचीसुद्धा उकिडवी, कुणी हाक मारली तर उठायला उशीर नको म्हणून. "बसा हो आई जरा," सून म्हणायची. "बसले की गंजेन," म्हातारी म्हणायची.

सुनेचं पहिलं मूल जगलं नाही, तेव्हा घरात येणारी प्रत्येक बाई काही ना काही सांगून गेली. म्हातारीने सुनेला गोठ्यात नेलं, नुकत्याच जन्मलेल्या वासराशेजारी बसवलं आणि तिच्या हातात गवताची पेंडी दिली. "याला पूस. ओलं आहे." सून वासरू पुसत राहिली आणि रडत राहिली. म्हातारी पलीकडे शेण भरत होती. त्या दिवसापासून सून तिला नुसत्या तोंडाने नाही, पोटातून आई म्हणू लागली.

पुढे दोन नातवंडं झाली, वाढली, कामाधंद्याला दूर निघून गेली. आणि म्हातारी विसरू लागली.

आधी चुलीवरचं दूध विसरली. मग गायींची नावं. मग आपण आताच जेवलो हे. एक गोष्ट मात्र हातातून सुटली नाही, ती म्हणजे देणं. लोहाराच्या बायकोला सकाळी अंडी द्यायची, दुपारी पुन्हा द्यायची आणि दिवस मावळताना ती नुसती रस्त्याने जाताना दिसली तरी हाक मारायची, "अगं, किती दिवसांनी दिसलीस! थांब, अंडी ने." घरातली पातेली गेली, पांघरुणं गेली. शेवटी पेरणीसाठी निवडून ठेवलेला गहू शिंपिणीच्या घरी गेला, तेव्हा मुलाचा तोल सुटला.

"कोठीला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याकडे घे," तो बायकोला म्हणाला. "खायचं काय उद्या? दगड?"

पण किल्ल्यांचा जुडगा म्हातारीच्या कमरेला होता. विधवा झाली त्या दिवशी तिथे खोचला होता, तो अजून तिथेच. तो ओढून घ्यायचा म्हणजे तिचा हात तोडण्यासारखंच. सुनेला ते जमेना. मग तिने आपल्या मते मोठा शहाणपणाचा मार्ग काढला. घरोघरी गेली आणि पदर सावरत म्हणाली, "आई देतील ते घेत जा. नाही म्हणू नका. आणि मग मागच्या दाराने मला परत आणून द्या."

कुणी आढेवेढे घेतले नाहीत. आजीचं खाल्लं नाही असं घर गावात नव्हतं. "एवढंच ना वहिनी? जन्मभर आणून देऊ."

आणि ते चालू झालं. पुढच्या दाराने गहू जायचा, मागच्या दाराने यायचा. सून तो पुन्हा कोठीत ओतायची आणि म्हातारी तोच पुन्हा काढायची. म्हातारी कधी नव्हती एवढी खूश. कोठी कशी ती सरत नव्हती. "बघ," सुनेला म्हणायची, "देऊन कमी झालंय का कधी?" सून मान फिरवायची.

हळूहळू बायकांना त्याची गंमत वाटू लागली. उगीचच दारात येऊन तोंड पाडायच्या, उसासे टाकायच्या, आणि कोपऱ्यावर गेल्या की फिस्सकन हसायच्या. ते हसणं सुनेच्या कानावर यायचं. थांबवायला हवं असं तिला रोज वाटायचं, आणि रोज ती म्हणायची, उद्या बघू.

एका सकाळी शिंपीण मागच्या दारात पिशवी घेऊन उभी राहिली. "धरा वहिनी तुमचा गहू. आज काय झक्कास रडले मी! आजीचेही डोळे भरले. मला हसू आवरेना."

सुनेचा चेहरा पाहून ती वळली. अंडं घालायला कुठे तरी दडलेली कोंबडी शोधत आलेली म्हातारी तिच्या मागेच उभी होती.

शिंपिणीने जीभ चावली. म्हातारीने पिशवीत हात घातला, मूठभर गहू काढला, तळव्यावर पसरून बघितला. त्या दिवशी तिचं डोकं लख्ख होतं. नेमकं त्याच दिवशी.

"आपलाच आहे," ती म्हणाली. "कधीपासून चाललंय?"

"आई, तुम्ही विसरता ना, म्हणून..."

"मी विसरते. ह्यांना सगळ्यांना ठाऊक होतं?"

शिंपिणीने पदराने तोंड झाकलं. म्हातारीने कमरेचा जुडगा काढला, पिशवीवर ठेवला आणि भिंतीला धरून आत गेली. खाटेवर बसली, पाठ टेकून.

सुनेला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. बाकी सगळं विसरतात, तसं हेही. म्हातारी मुलाचं नाव विसरली, नवरा गेलेला विसरली, एकदा तर आरशापुढे उभी राहून "कोण गं ही?" म्हणाली. ते एवढं मात्र विसरली नाही. दारात कुणी आलं की तोंड भिंतीकडे करायची.

सून जुडगा घेऊन जवळ बसायची. "आई, तुमच्या हाताने द्या ना कुणाला काही."

"खेळून झालं की तुमचं."

थंडीच्या दिवसांत गवंड्याची बायको आली. नवरा-बायको बरेच महिने परगावी बांधकामावर होते. तिथे परांचीवरून पडून त्याचं कंबरडं मोडलं, म्हणून त्याला घेऊन ती परत आली होती. त्या नाटकातलं तिला काही ठाऊक नव्हतं. तिच्या बाळंतपणात म्हातारीने महिनाभर दूध पोचवलं होतं, तेवढंच तिला ठाऊक होतं. ती खाटेपाशी येऊन उभी राहिली. मागायची सवय नव्हती, त्यामुळे आधी गायींची चौकशी केली, मग थंडीची. मग तिथेच घुटमळली.

सुनेचा जीव टांगणीला लागला. आज तरी आई उठतील. हिच्याकडे बघून तरी उठतील.

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. गालांची हाडं पाहिली, फुटलेल्या टाचा पाहिल्या. आणि म्हणाली, "चांगलं करतेस हं. शिंपिणीपेक्षा चांगलं."

"काय आजी?"

"मागच्या दाराने जा. तिथे सगळ्या जमतात हसायला."

बाईला काही कळलं नाही. एवढंच कळलं की आपल्याला हाकललं. तिचा चेहरा विझला. ती वळली आणि झपाझप रस्त्याला लागली.

सुनेने कोठी उघडली, हाताला लागेल तेवढा गहू पिशवीत भरला आणि अनवाणीच मागे धावली. विहिरीपाशी तिला गाठलं. "अगं, त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. माझी चूक आहे सगळी. हे घे. घरी पोरं आहेत तुझी."

गवंडीण पिशवीकडे बघत राहिली. हात थोडा पुढे आला, पुन्हा मागे गेला. "आजीनं दिलं असतं तर घेतलं असतं वहिनी. त्या द्यायच्या तेव्हा घेतल्यासारखं वाटायचं नाही. तुम्ही धावत आलात, रडताय... ही भीक झाली."

"ने गं," सून म्हणाली. "माझ्या घरात ठेवायला..." तिच्या तोंडून शब्द पाठ केल्यासारखे निघाले, आणि ते दोघींनाही ऐकू आलं.

बाई निघून गेली.

सून घरी आली. कोठीचं झाकण काढून तिने पिशवी उलटी केली. रिकाम्या होत आलेल्या कोठीत गहू मोठ्या आवाजाने पडला.

आतून म्हातारीचा आवाज आला. त्यात राग नव्हता.

"आला ना परत?"