एक चप्पल पायात, एक हातात

“ए बाई, चप्पल काढ! काढ म्हणतो ना!”

मी काढली.

“अगं ए, नको, नको! घाल! आधी घाल! पाय बघ तुझे! फरशी नवी आहे!”

ओरडणारे कॉलनीचे अध्यक्षसाहेब. आवाज असा, की तिकडं देवणीच्या बाजारात बैलांनी दावी तोडली असतील. मी सभागृहाच्या दारात उभी. एक चप्पल पायात, एक हातात, काखेत भाकरीचा डबा. आत खुर्च्यांवर शंभरेक माणसं. मला ती दहा हजार दिसली. अपमान होत असला की माणसं वाढतात.

“जेवायचं ते खाली, शेडमधे. वर येऊन घाण करू नका.”

दार लोटलं. माझ्या नाकावर.

ही इमारत लातुरातल्या एका कॉलनीत आहे. खाली आमची कचरा निवडायची शेड, वर सगळ्यांसाठी सभागृह. आम्ही अकरा बाया. मी मुखेडकडची, लग्न करून इकडं आले, तेव्हापासून या कॉलनीचा कचरा निवडते. कुणाला कसली गोळी चालू आहे, उपासाच्या दिवशी कुणाच्या पिशवीत कोंबडीची हाडं निघतात, सगळं मला ठाऊक. मनात आणलं तर अर्धी कॉलनी एका दिवसात सामान बांधून नांदेड गाठेल. पण बोलत नाही. मलाही काही इज्जत आहे.

आता भिंतीचं ऐका. सभागृहाची भिंत विटांची नाही, बाटल्यांची आहे. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या, पोटात वेफर्सची नि गुटख्याची पाकिटं ठासून भरलेली. त्या आडव्या रचायच्या, वरून मातीचा गिलावा. नकाशा पुण्याच्या आर्किटेक्ट मॅडमचा. पण बाटली भरायला त्यांना मी शिकवलं.

“मावशी, किती भरायची?”

“अंगठ्यानं दाबली की हलली न्हाई पायजे. हलली तर भिंत बसंल.”

मॅडमनी वहीत उतरवून घेतलं. पुढं सगळा उन्हाळा आम्ही सळईनं पाकिटं ठासत होतो. किती बाटल्या म्हणाल, तर एकावर एक ठेवल्या असत्या तर चंद्राला टेकल्या असत्या. बरं, थोडं कमी करते. आडव्या ठेवल्या तर नांदेडपर्यंत नक्की.

त्याच मॅडमनी नकाशात वरच्या मजल्यावर लिहिलं होतं, ‘सभागृह व कामगारांची जेवणाची जागा’. तो नकाशा मोठा करून खाली दारात लावलाय. मला अक्षरं जुळवून वाचता येतं. रोज सकाळी मी ती ओळ वाचायची, मग हातमोजे घालायची. आजवर आम्ही कचऱ्याच्या ढिगाला पाठ लावून भाकरी खाल्ली. एका हातानं घास, एका हातानं माशा. म्हणून उद्घाटनाच्या दिवशी एक वाजला, आणि मी नकाशावर विश्वास ठेवून जिना चढले. एवढाच माझा गुन्हा.

मॅडम पहिल्या ओळीत बसल्या होत्या. मला बघितलं. मग मोबाइल बघितला. नकाशात आमची जागा लिहायला हात होता, बोलायच्या वेळी तोंड नव्हतं.

मी खाली आले. गंगाक्का, आमच्यातली सगळ्यात थोरली, म्हणाली, “खा गं. आपलं हितंच बरं हाय.”

मी डबा झाकून ठेवला. साहेबांचा राग आला, मॅडमचा आला, गंगाक्काचा आला. सगळ्यात जास्त माझा. कारण ते “घाल” म्हणाले आणि मी घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटनाचा कचरा आला. हार, द्रोण, अर्ध्या जिलब्या. त्यात निमंत्रणपत्रिका. गुळगुळीत कागद, वर फोटो. बाटलीत पाकिटं ठासणारा हात. अंगठ्यावर काचेचा जुना व्रण. माझा हात! मनगटाच्या वर काहीच नाही. बाई कापून टाकलेली. खाली छापलं होतं, ‘आपल्या सर्वांच्या श्रमातून’. आणि त्या हातावर कुणीतरी भाजीचं तेल पुसलं होतं.

माझ्या हाताला हात पुसले होते.

डोक्यात असा जाळ झाला, की शेडमधलं सगळं प्लास्टिक वितळायला पाहिजे होतं. ते कसं वाचलं, देव जाणे. पत्रिका मी धुतली, वाळवली, बायांपुढं धरली.

“हा हात कुणाचा?”

“तुझा.”

“मग मी कुठं हाय?”

एकजण हळूच म्हणाली, “वर गेलो आन् काम गेलं तर?”

“जाऊ दे. पण जेवायचं तर वर. हाकललं तर पायरीवर बसू. उद्या पुन्हा वर. परवा पुन्हा.”

एक वाजता अकराजणी वर. चपला दाराबाहेर ओळीनं काढल्या. पाय धुतले नाहीत. मुद्दाम नाही धुतले. आमच्याच भिंतीला पाठ लावून बसलो, डबे उघडले. ठेचा होता, वांगं होतं. भिंत हलली नाही.

वॉचमननं फोन केला असणार. साहेब धावत आले, दारातूनच सुरू. “उठा! उठा आधी! कुणाला विचारून बसलात?”

“नकाशाला विचारून. खाली दारात लावलाय तुमीच. वाचून या.”

साहेब बुटांसकट आत आले.

“बूट काढा साहेब,” मी म्हटलं. “माणसं जेवायलीत.”

नियम त्यांचाच. सवयीनं काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. हे मात्र वाढवून सांगत नाही.

मी बघितलं त्यांच्या पायांकडं. चांगलं निरखून बघितलं. काल त्यांनी माझे बघितले तसे.

साहेब अकरा डब्यांवरून नजर फिरवत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “म्हणजे हे आता रोज असंच चालणार का?”

गंगाक्कानं वर बघितलंसुद्धा नाही. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला.

“न्हाई,” ती म्हणाली. “रविवारी सुट्टी असती.”