आता तू मोठी आहेस

पिह्ला नर्सिंग शिकायला फिनलंडमधल्या औलू शहरात गेली आणि त्याच हिवाळ्यात तिच्या आईबाबांनी कोक्कोलाचं घर विकायला काढलं. भांडणं तिला नवीन नव्हती. पण वेगळं व्हायला दोघं आपण शिकायला बाहेर पडण्याचीच वाट बघत होते, हे तिला आता कळलं.

"तू लहान असतीस तर गोष्ट वेगळी होती," बाबा म्हणाले. "आता तू मोठी आहेस. समजून घेशील."

तिनं घेतलं. मग आईचे रोज फोन सुरू झाले. बाबा जेवताना कसे आठवडा-आठवडा तोंडातून शब्द काढायचे नाहीत, आपण कशी वर्षं काढली, सगळं. बाबा आडून आडून विचारायचे, "आईकडे कोणी येतं-जातं का गं?" पिह्ला इकडचं तिकडे कळू द्यायची नाही. तिची भूक गेली, झोप गेली. नाताळात कुणाकडे जायचं हा प्रश्नच नको, म्हणून तिनं वृद्धाश्रमात ड्यूटी मागून घेतली.

तिच्या मित्राला, योनाला, एकत्र राहायचं होतं. दोघं फ्लॅट बघायला गेले. योना भलताच खुशीत होता. "इथे सोफा, खिडकीपाशी तुझं टेबल!"

"आणि वेगळे झालो की फ्लॅट कोण ठेवणार?"

तो हसला. "अगं, आधी राहायला तर येऊ!"

"नाही. आधी ते ठरवू."

घरमालकीण उगाच खिडकीबाहेर बघू लागली.

बर्फ वितळायच्या सुमारास योना तिला सोडून गेला. "मी अजून आलोही नव्हतो, आणि तू मी कधी जातो याचीच वाट बघत होतीस," एवढंच म्हणाला. पिह्लाच्या मनात आलं, बघा, म्हटलं होतं ना! त्यात तिला जे समाधान वाटलं, त्याचीच तिला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या डॉक्टरांकडे गेली आणि तासभर नुसती रडली.

त्या आठवड्यात आईचा फोन आला तेव्हा तिनं सांगून टाकलं, "आई, बाबांचं काही मला सांगू नकोस."

"मग कोणाला सांगू? मला आहे कोण?"

"माहीत नाही. पण मी तुझी मैत्रीण नाही गं, मुलगी आहे."

आईनं फोन ठेवून दिला. बाबांनाही तिनं तेच सांगितलं. ते हवेबद्दल, मासेमारीबद्दल थोडं बोलले, मग त्यांच्याकडचं बोलणं संपलं. उन्हाळाभर दोघांचेही फोन आले नाहीत. या एका विषयाखेरीज त्यांच्याजवळ आपल्याशी बोलायला काहीच नव्हतं, हे पिह्लाला उमगलं.

शरदात आईचा फोन आला.

"जेवलीस?"

"लापशी खातेय."

पिह्ला लापशीत चमचा फिरवत राहिली; आईनं बाबांचा विषय काढला नाही.

"बरं. ठेवते मग," आई म्हणाली.

लापशी गार झाली होती. पिह्लानं ती संपवली.